चित्रपती व्ही. शांताराम : गाण्याच्या घरातून आलेला दिग्दर्शक



आठवड्यातून एक दिवस आपल्या शाळेत हिंदी प्रार्थना होते. परमेश्वराला मालक मानून त्याच्याकडे सरळ चालण्याचे बळ मागणारी ती प्रार्थना देशातल्या कितीतरी शाळांतून म्हटली जाते. बऱ्याच मुलांना ती एखाद्या संताची रचना वाटते. पण ती आहे एका चित्रपटातली. १९५७ साली आलेल्या ‘दो आँखें बारह हाथ’साठी भरत व्यास यांनी ती लिहिली, वसंत देसाई यांनी चाल लावली आणि लता मंगेशकर यांनी गायिली. चित्रपट व्ही. शांताराम यांचा. औंध संस्थानात स्वतंत्रपूर येथे मोकळ्या तुरुंगाचा खराच प्रयोग झाला होता. त्यावरून ग. दि. माडगूळकरांनी ही कथा रचली. खुनाच्या गुन्ह्यातल्या सहा कैद्यांना भिंतीबाहेर नेऊन शेतीला लावणारा अधिकारी शांतारामांनी स्वतः केला. १९५८ मध्ये बर्लिनच्या महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळाले.

आता मूळ विषयाकडे येतो. स्नेहसंमेलन जवळ आले की आपल्याकडे एक प्रश्न दरवर्षी निघतो. नाट्यगीत चालते, अभंग चालतो, पोवाडाही चालतो. मग लावणी चालेल का? यंदाच्या पालकसभेत यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोलणे झाले. कुणाच्या मते मराठीपण टिकवायचे तर लावणी हवीच, कुणाच्या मते शाळेच्या रंगमंचावर ती नको. त्या सभेनंतर मला राहून राहून शांतारामांची आठवण येत होती. कारण ज्या गाण्यांमध्ये आपण अशा भिंती घालतो, ती सगळी गाणी या एका माणसाच्या कारकिर्दीतून गेली आहेत.

शांताराम राजाराम वणकुद्रे यांचा जन्म १८ नोव्हेंबर १९०१ रोजी कोल्हापूरला झाला. वडील जैन, आई हिंदू. घरची परिस्थिती बेताची. शाळा फार झाली नाही. तेराएक वर्षांचे असताना ते गंधर्व नाटक मंडळीत दाखल झाले. आजच्या मुलांना नाटक मंडळी म्हणजे काय ते थोडे सांगायला हवे. ते एक चालतेबोलते घर असे. पन्नास-शंभर माणसे एकत्र राहायची, एकत्र जेवायची, गावोगाव हिंडायची. सकाळी तालीम, रात्री प्रयोग. आणि या घरात सत्ता चाले ती गाण्याची. १९१३ साली बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी मिळून ही मंडळी काढली होती. बालगंधर्व पद गाऊ लागले की श्रोते ‘वन्स मोअर’ घेत, तेच पद पुन्हा नव्याने खुले, आणि नाटकातली गोष्ट तोपर्यंत खुशाल थांबून राही. टेंब्यांची बोटे पेटीवर फिरू लागली की ती ऐकायला लोक वेगळे येत. लहानग्या शांतारामच्या वाट्याला किरकोळ कामे होती. पण अशा घरातले पोर ऐकते फार. गाणे कुठे रंगते आणि कुठे गोष्टीच्या पायात येते, हे त्याने त्या वयात विंगेतून पाहिले. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचे खरे शिक्षण हेच.

नाटक मंडळी वर्षभरातच सुटली. पुढे हुबळीला रेल्वेच्या कारखान्यात काम, आणि तिथल्या पत्र्याच्या चित्रपटगृहात पडेल ती चाकरी. तिथे रोज चित्रपट फुकट बघायला मिळत. १९२० मध्ये मावसभाऊ बाबूराव पेंढारकर यांनी त्यांना कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांच्या हाताखाली नेले. तिथे झाडण्यापासून कॅमेऱ्यापर्यंत सगळे शिकले. ‘सुरेखाहरण’ (१९२१) मध्ये पडद्यावर आले, ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्ये तरुण शेतकरी झाले, आणि १९२७ मध्ये ‘नेताजी पालकर’च्या दिग्दर्शनात हात घातला. १ जून १९२९ रोजी विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी कोल्हापुरात ‘प्रभात’ कंपनी काढली. (त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या इंदूरला मास्टर दीनानाथांच्या घरी लताबाईंचा जन्म झाला. पुढे त्यांचा आवाज शांतारामांच्या चित्रपटात येणारच आहे.)

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला आणि मुका पडदा बोलू लागला. प्रभातचा पहिला बोलपट, मराठीतलाही पहिला, ‘अयोध्येचा राजा’ ६ फेब्रुवारी १९३२ रोजी लागला. हरिश्चंद्र कोण? तर गोविंदराव टेंबे. ज्या मंडळीत शांताराम पोरसवदा नोकर होते तिचे एक संस्थापक आता त्यांच्या सूचनेप्रमाणे कॅमेऱ्यासमोर उभे राहत होते, आणि संगीतही त्यांचेच होते. तारामती झाल्या दुर्गा खोटे. चांगल्या घरच्या, शिकलेल्या स्त्रीने चित्रपटात काम करणे तेव्हा लोकांना पचत नसे. त्या काळी आवाज आधी ध्वनिमुद्रित करून ठेवण्याची सोय नव्हती. नटाने अभिनय करता करताच गायचे आणि साथीदारांनी कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी दडून वाजवायचे. हाच चित्रपट हिंदीतही केला गेला. प्रभातमध्ये पुढे ही रीतच पडली. एक गोष्ट, एक सेट, आणि दोन भाषा. प्रसंग मराठीत टिपून झाला की तोच हिंदीत टिपायचा. घरात एक भाषा आणि रस्त्यावर दुसरी अशी सवय असलेल्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटणार नाही. मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. ‘कुंकू’ मी आधी ‘दुनिया न माने’ या नावाने, हिंदीतच पाहिला.

मधल्या चित्रपटांचा पट मोठा आहे, सगळे सांगत बसत नाही. प्रभात १९३३ मध्ये पुण्याला आली. त्याच वर्षी ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा खटाटोप झाला. प्रती जर्मनीत तयार केल्या, पण रंग साधले नाहीत. तरी शांतारामांना जर्मनीतले काम जवळून बघता आले. ‘अमृतमंथन’ (१९३४) मध्ये पडदाभर दिसणारा राजगुरूचा डोळा अजूनही दचकवतो. हिंदी आवृत्तीतला तो डोळा चंद्रमोहन यांचा, आणि हे गृहस्थ आपल्या नरसिंहपूरचे.

१९३५ मध्ये ‘धर्मात्मा’ आला. यात संत एकनाथ झाले खुद्द बालगंधर्व. बोलपटांमुळे नाटक मंडळ्या एकामागून एक मोडत होत्या, बालगंधर्वांवर कर्जाचा बोजा होता, आणि सत्तेचाळिशीच्या या कलावंताला जुन्या मंडळीतला तो मुलगा आता पडद्यावर आणत होता. चित्रपटाचे नाव आधी ‘महात्मा’ होते. महात्मा म्हटले की लोकांच्या मनात गांधीजी येणार आणि विषय अस्पृश्यतेचा, म्हणून सरकारी परीक्षकांच्या हरकतीनंतर ते बदलावे लागले. विषय धाडसाचा, संगीत मास्टर कृष्णरावांचे. तरी चित्रपट व्हावा तेवढा झाला नाही. प्रेक्षकांच्या डोळ्यांत स्त्रीवेषातले बालगंधर्व भरलेले होते. शिवाय नाटकात ज्यांचे पद श्रोत्यांच्या मागणीप्रमाणे वाढत जाई, त्यांना कॅमेऱ्यापुढे मोजक्या मिनिटांत गाणे संपवायचे होते. समोर ‘वन्स मोअर’ म्हणणारे कुणी नव्हते. प्रभातशी त्यांचा संबंध एवढ्यावर संपला. शांतारामांच्या आयुष्यातला हा प्रसंग मला सर्वांत चटका लावणारा वाटतो. ज्यांच्यामुळे गाणे कानात बसले, त्यांच्या गाण्याला नव्या घरात जागा करून देणे त्यांना जमले नाही.

याचा परिणाम म्हणा की योगायोग, दोनच वर्षांनी शांतारामांनी गाण्याला असा आवर घातला की आजही कुणी तो सहसा घालत नाही. ‘कुंकू’ (१९३७) ही ना. ह. आपटे यांच्या कादंबरीवरची गोष्ट आहे. अनाथ नीरेचे लग्न तिचा मामा फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावतो. नीरा रडत बसत नाही. हे लग्न मला मान्य नाही, असे ती वागण्यातून रोज दाखवते. या संपूर्ण चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. नायिका दुःखी झाली म्हणून सारंगी रडत नाही, कुणी रागावला म्हणून ढोल वाजत नाहीत. घड्याळाची टिकटिक, दाराचा आवाज, रस्त्यावरची गलबल, जे घरात खरेच ऐकू येईल तेवढेच. गाणी आहेत, पण वाद्ये कुठून वाजतात याचेही कारण प्रसंगातच असावे असा कटाक्ष आहे. संगीतकार होते केशवराव भोळे. रंगभूमीवर गाण्याची गर्दी कमी करू पाहणाऱ्या ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेतून ते आलेले. म्हाताऱ्या काकासाहेबांचे काम करणारे केशवराव दातेही त्याच संस्थेतले. नीरा झाल्या शांता आपटे. त्या यात लाँगफेलोची एक इंग्रजी कविताही गातात. नववी-दहावीच्या मुलींनी हा चित्रपट पाहिला तर ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा आहे हे त्यांना खरे वाटणार नाही.

‘माणूस’ (१९३९) मध्ये नायक साधा पोलीस शिपाई आहे आणि नायिका मैना ही गाण्यावर पोट भरणारी, समाजाने बाहेर ठेवलेली स्त्री. त्या सुमारास दुःखात दारू पिऊन मरणारा नायक फार लोकप्रिय झाला होता. शांतारामांना तो पसंत नव्हता. त्यांचा गणपत कोसळतो आणि पुन्हा उभा राहतो. यातली एक जागा मी मुलांना नेहमी सांगतो. मैनेकडे येणारी गिऱ्हाइके निरनिराळ्या प्रांतांची, म्हणून ती एकच गाणे कडव्याकडव्याला भाषा बदलून गाते. मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ, तेलुगू असे ते गाणे फिरते. गंमत वाटते, पण जरा विचार केला की कळते, ज्याचा पैसा त्याची भाषा तिला गावी लागते. मैनेचे काम केलेल्या शांता हुबळीकर हुबळीजवळच्या, कन्नड मुलुखातल्या. १९४१ चा ‘शेजारी’ हिंदू-मुसलमान दोन म्हाताऱ्या मित्रांचा. हिंदीतल्या ‘पडोसी’मध्ये हिंदू ठाकूर केला मजहर खान यांनी आणि मिर्झा केला गजानन जागीरदारांनी.

१९४२ मध्ये भागीदारांशी जमेना, तेव्हा प्रभात सोडून ते मुंबईला आले आणि परळला वडील राजाराम व आई कमल यांच्या नावांवरून ‘राजकमल कलामंदिर’ उभारले. प्रभातमध्ये पडेल ते काम करत शिकलेले वसंत देसाई त्यांच्याबरोबर आले. ‘शकुंतला’ (१९४३) मुंबईत १०४ आठवडे चालला. सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावरचा चित्रपट १९४६ चा.

आणि मग १९४७ मध्ये ‘लोकशाहीर रामजोशी’. इथून वळण येते. रामजोशी सोलापूरचे, वैदिक ब्राह्मणाच्या घरातले, पेशवाईच्या अखेरच्या काळातले. तमाशाच्या नादाने त्यांना घर सोडावे लागले. शांतारामांनी हा चित्रपट आपले गुरू बाबूराव पेंटरांकडे सोपवला आणि स्वतःही दिग्दर्शनात सहभागी झाले. लेखन माडगूळकरांचे. शाहिराच्या कामाला घेतले जयराम शिलेदार, म्हणजे नाट्यसंगीताचे गवई, आणि त्यांच्यासमोर हंसा वाडकर. बघा, नाटकाचे गाणे आणि फडाचे गाणे एका चौकटीत येऊन बसले. या यशानंतर मराठीत तमाशापटांची लाटच आली. तिचे बरेवाईट पुष्कळ झाले. पुढच्या कितीतरी चित्रपटांत लावणी केवळ शिट्ट्यांसाठी घातलेली दिसते, आणि पालकसभेत ज्यांनी विरोध केला त्यांच्या मनात तीच लावणी असावी. ‘अमर भूपाळी’ (१९५१) मात्र त्या लाटेच्या पुष्कळ वरचा. होनाजी कवने रचणारा, त्याचा मित्र बाळा ती गाणारा. फडात लावणी गाणाऱ्या या होनाजीचीच भूपाळी मराठी घरांतून पहाटे देवापुढे म्हटली गेली. ज्यांच्या आजीने ती म्हटली असेल त्यांच्यापैकी किती जणांना तिचा कर्ता लावणीकार होता हे ठाऊक असेल? होनाजी झाले पंडितराव नगरकर, आणि लताबाईंचा आवाज इथे आहे. १९५२ मध्ये हा चित्रपट कानच्या महोत्सवात गेला. याचीही दुसरी भाषा होती, पण या वेळी हिंदी नव्हे, बंगाली.

‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) ने पैसा आणि पारितोषिके दोन्ही दिली. टेक्निकलरमधला झगझगीत रंग, गोपीकृष्णांचे कथक, त्यांच्याकडे शिकून त्यांच्यासमोर उभ्या राहिलेल्या संध्या. शीर्षकगीत गायिले उस्ताद अमीर खाँ यांनी. इंदूरकरांनी हे लक्षात ठेवायला हवे. खाँसाहेबांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात होते, आणि खाँसाहेब लहानाचे मोठे झाले ते याच शहरात. पार्श्वसंगीतात संतूर वाजले ते तरुण शिवकुमार शर्मांचे. ऐकायला हा चित्रपट उत्तम आहे. बघताना मात्र मला रंगांचा आणि सजावटीचा भडिमार जड जातो. ‘कुंकू’मध्ये टिकटिकणाऱ्या घड्याळावर भागवणारा माणूस हाच का, असे वाटते. ‘दो आँखें’च्या चित्रीकरणात बैलाशी झुंजताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, काही काळ पट्टी बांधून अंधारात पडून राहावे लागले. त्यानंतर ‘नवरंग’ (१९५९) आला, तो रंगांची तहान लागल्यासारखा. ‘गीत गाया पत्थरों ने’ (१९६४) चे शीर्षकगीत किशोरी आमोणकरांचे. सत्तरीकडे जाताना त्यांच्या हिंदी चित्रपटांतला जोर ओसरला, हे त्यांच्या चाहत्यांनीही मान्य करावे.

त्यांचे घरगुती आयुष्यही सरळ नव्हते. पहिल्या पत्नी विमलाबाई; त्यानंतर अभिनेत्री जयश्री आणि संध्या यांच्याशीही त्यांनी विवाह केला. ‘कुंकू’ करणाऱ्या माणसाने असे का केले, असा प्रश्न वरच्या वर्गातल्या मुली विचारतात. तो त्यांनी विचारावाच. माझ्यापाशी त्याचे तयार उत्तर नाही.

वयाच्या सत्तरीत, १९७२ मध्ये, शांतारामांनी ‘पिंजरा’ केला. ‘ब्लू एंजल’ या जुन्या जर्मन चित्रपटाची त्यावर छाया आहे, पण गोष्ट इथल्या मातीत पूर्ण मुरलेली. आणि ती एका शिक्षकाची गोष्ट आहे. गावाला वळण लावणारे आदर्श गुरुजी तमाशाच्या फडाला गावाबाहेर काढतात. त्या फडातल्या नर्तकीच्या नादाने पुढे स्वतःच घसरतात. गावाला वाटते गुरुजींचा खून झाला. गावकरी त्यांचा पुतळा उभारतात. शेवटी तुणतुणे घेऊन फडामागे फिरणारा हा माणूस गुरुजींचा खुनी म्हणून पकडला जातो आणि गावाच्या मनातली मूर्ती फुटू नये म्हणून तोंड उघडत नाही. गुरुजी झाले डॉ. श्रीराम लागू, नर्तकी संध्या. संगीत राम कदमांचे, आवाज उषा मंगेशकरांचा. या लावण्या लिहिणारे जगदीश खेबूडकर स्वतः शाळामास्तर होते, हे मुद्दाम सांगतो.

मी मुख्याध्यापक, तेव्हा हा चित्रपट मला जरा जास्तच लागतो. पूर्वी मला वाटे, यात तमाशाला दोष दिला आहे. पुन्हा पाहताना दिसले की पिंजऱ्यात सगळेच आहेत. फडातल्या बाईला गावाबाहेरची जागा गावाने दिली आणि गुरुजींना चौथऱ्यावरची जागाही गावानेच दिली. दोघांनाही तिथून हलायची परवानगी नाही. लावणीत खोट किती आणि तिला बघणाऱ्या नजरेत किती, हे शांताराम सांगत बसत नाहीत, पण फडाच्या बाईला त्यांनी मन दिले आहे, पश्चात्ताप दिला आहे. गंधर्व मंडळीच्या विंगेत सुरू झालेले त्यांचे ऐकणे अठ्ठावन्न वर्षांनी इथवर पोहोचले होते.

१९८५ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ‘शांतारामा’ हे आत्मचरित्र त्यांनी लिहिले. ‘झांझर’ (१९८७) हा शेवटचा चित्रपट. ३० ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, आणि १९९२ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले.

स्नेहसंमेलन समितीची बैठक होण्याआधी पालकांनी आणि विश्वस्त मंडळींनी ‘अमर भूपाळी’ एकदा पाहावा, अशी विनंती करतो. आठवीच्या पुढच्या मुलांना ‘कुंकू’ आणि ‘शेजारी’ घरी दाखवायला हरकत नाही. मराठी प्रत मिळाली नाही तर हिंदी चालेल. ‘पिंजरा’ मात्र मुलांनी आई-वडिलांबरोबरच बघावा, आणि बघून झाल्यावर घरात त्याबद्दल बोलावे.